परदेशी रस्ता आणि मोटारीचा सांगाडा

शिरूर तालुक्यातील रांजणगाव हे महागणपतीच्या देवस्थानामुळे सर्वांस परिचित आहे. गेल्या काही दशकांत त्याच गावाच्या परिसरात जी औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिच्यात फियाट आणि टाटा मोटर्स यांच्या भागीदारीतील मोटारींचा कारखाना आहे. जून २०१७ मध्ये या कारखान्यातून ‘जीप कंपास’ या मोटारीचे उत्पादन सुरू झाले. तीच मोटार मेक्सिको, ब्राझील आणि चीन या देशांतही तयार होत होती. रांजणगावच्या वाट्यास मात्र विशेष काम आले, ते उजव्या हाताच्या सुकाणूच्या मोटारींचे. येथून ती मोटार जपानात व ऑस्ट्रेलियात गेली. त्याच तालुक्यातील शिक्रापूरपासून चाकणकडे जाणारा रस्ता धरला म्हणजे मर्सिडीज-बेन्झचा कारखाना लागतो. तेथे याच्या उलट व्यवहार चालतो. जर्मनीत कल्पिलेली आलिशान मोटार भारतीय विपणीसाठी सिद्ध केली जाते.

एके ठिकाणी मोटार बाहेर जाते, दुसऱ्या ठिकाणी बाहेरची मोटार आत येते. दोन्ही प्रसंगी अभियंत्यापुढील प्रश्न एकच असतो. एका देशाचा रस्ता, तेथील कायदा व तेथील माणसांची मोटार वापरण्याची रीत डोळ्यांपुढे ठेवून जो सांगाडा आखला, तो दुसऱ्या देशात कितपत चालेल? या प्रश्नाची अंगे उलगडून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सुकाणू एका बाजूचे दुसऱ्या बाजूस नेले की काम झाले, असा समज सर्वसाधारण वाचकांत आढळतो. वस्तुतः ती केवळ सुरुवात होय.

१. ‘सांगाडा’ या शब्दाचा आजचा अर्थ

मालमोटारीत चासी म्हणजे दोन लांब पोलादी तुळया व त्यांना जोडणारे आडवे दांडे. ही चौकट वेगळी दाखविता येते, आणि तिच्यावर काया स्वतंत्रपणे बसविलेली असते. आजच्या बहुतेक मोटारींत अशी वेगळी चौकट नसते. तळपत्रा, दारांखालचे पोकळ कणे, खांब, छत आणि पुढील-मागील कणे हे सर्व एकत्र सांधून जो कोश तयार होतो, तोच भार वाहतो. मोनोकॉक रचना म्हणतात ती हीच. अशा रचनेत ‘सांगाडा’ या शब्दात भारवाही कोश आणि त्याला चाकांशी जोडणारी निलंबन-योजना या दोहोंचा समावेश करावा लागतो. या रचनेचा एक परिणाम ध्यानात ठेवावयास हवा. कोशाचा कोणताही भाग बदलला की भारवहनाची वाट बदलते आणि त्याचे पडसाद दूरच्या सांध्यापर्यंत पोचतात. म्हणूनच येथे लहानसा बदल असा काही नसतो.

२. सुकाणूची बाजू

डाव्या हाताची मोटार उजव्या हाताची करताना तिचे आरशातील प्रतिबिंब घ्यावे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु मोटारीचा दर्शनी भाग सममित असला तरी तिचे अंतरंग सममित नसते. इंजिन आडवे बसविले असेल तर एका बाजूस इंजिन आणि दुसऱ्या बाजूस गिअरबॉक्स असतो. निकासनळीची वाटही एकाच बाजूने गेलेली असते. ही यंत्रे सुकाणूबरोबर बाजू बदलत नाहीत. त्यामुळे सुकाणूचा दांडा, पायपट्ट्या आणि ब्रेकला जोर देणारा सर्व्हो यांना नवी जागा शोधावी लागते. काही मोटारींत तर सर्व्हो मूळ जागीच ठेवून आडव्या दांड्याने तो पायपट्टीशी जोडतात. अशा जोडणीत दांड्याची लवचिकता व सांध्यांतील ढिलाई यांमुळे ब्रेकच्या स्पर्शातील निश्चितपणा कमी होण्याचा धोका असतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न टकरीचा आहे. भारत एन-कॅप ही मूल्यमापन-योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आली. तिच्या समोरील टकरीच्या चाचणीत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका चुरगळणाऱ्या अडथळ्यावर आदळविली जाते. या वेळी मोटारीच्या रुंदीपैकी केवळ ४० टक्के भाग, तोही चालकाच्या बाजूचा, अडथळ्यावर येतो. युरोपातील मूळ चाचणीत डावी बाजू आदळत असेल तर येथे उजवी बाजू आदळते. म्हणजेच आघाताच्या वाटेत पूर्वी गिअरबॉक्स येत असेल तर आता इंजिन येते, किंवा याच्या उलट होते. पुढील कणा किती लांबीपर्यंत चुरगळू शकेल, हे त्यामागे कोणता अवयव उभा आहे यावर अवलंबून असते. सबब एका बाजूने मिळविलेले यश दुसऱ्या बाजूस आपोआप लागू पडत नाही. ते नव्याने सिद्ध करावे लागते.

३. एकशे चाळीस मिलिमीटरांचे मोल

आलिशान मोटारीच्या बाबतीत भारतीय विपणीची एक रीत युरोपाहून वेगळी आहे. येथे मालक बहुधा मागे बसतो आणि मोटार चालक हाकतो. मर्सिडीज-बेन्झच्या ‘ई-क्लास’ मोटारीची जुळणी पुण्यात १९९५ मध्ये सुरू झाली. चाकणचा कारखाना २००९ मध्ये कार्यान्वित झाला. मागे बसणाऱ्या मालकाची दखल मात्र सांगाड्याच्या लांबीत घेतली गेली ती २०१७ मध्ये. चीनच्या विपणीसाठी २०१६ साली ई-क्लासची एक लांब आवृत्ती निघाली होती. तिचे उजव्या सुकाणूचे रूप भारतासाठी चाकण येथे तयार होऊ लागले. मूळ मोटारीच्या पुढील व मागील आसांमधील अंतर २,९३९ मिलिमीटर आहे. लांब आवृत्तीत ते ३,०७९ मिलिमीटर झाले. या अंतरास आपण पुढे ‘आसांतर’ म्हणू. वाढ १४० मिलिमीटरांची, म्हणजे ४.८ टक्क्यांची आहे आणि ती मागे बसणाऱ्याच्या पायांजवळ खर्ची पडली आहे.

आकडा लहान दिसतो. परंतु सांगाडा ही दोन आसांवर टेकलेली एकविध तुळई आहे असे क्षणभर मानून पाहू. मध्यभागी तोच भार ठेवला तर तुळईचा वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १.०४८ चा घन सुमारे १.१५ येतो. याचा अर्थ वाक १५ टक्क्यांनी वाढतो. पीळ लांबीच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. तुळईच्या नमनाची मूलभूत कंप्रता लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ती सुमारे ९ टक्क्यांनी घटते. खरी मोटार अर्थातच एकविध तुळई नव्हे. तथापि कोणत्या दिशेने किती धोका आहे, हे या हिशेबावरून कळते.

कंप्रता घटणे ही गोष्ट चिंतेची का? चाक आणि आस यांच्या उसळीची स्वाभाविक कंप्रता साधारणतः दर सेकंदास १० ते १५ आवर्तनांच्या घरात असते. कोशाची नमन-कंप्रता या पट्ट्यापासून चांगली वर राहिली तरच मोटार घट्ट व शांत वाटते. ती खाली सरकली तर खडबडीत रस्त्यावर तळ थरथरू लागतो आणि नेमक्या ज्या प्रवाशासाठी लांबी वाढविली त्याच्याच पायांखाली ते जाणवते. म्हणून दारांखालचे कणे व मधला बोगदा यांना अधिक दृढता द्यावी लागते. त्याने वजन वाढते आणि वजन वाढले की स्प्रिंग, ब्रेक व टायर यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

४. गतिरोधकाची भूमिती

आता कारखान्यातून बाहेर पडून रस्त्यावर येऊ. भारतीय रस्ते महासभेने गतिरोधकाचे जे मानक सुचविले आहे त्यानुसार त्याचा माथा १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळखंडाचा, रुंदी ३.७ मीटर व उंची १० सेंटिमीटर असावी. हा गतिरोधक ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा अशी अपेक्षा आहे. मोटारीची चारही चाके या उंचवट्यावर असून माथा बरोबर मधोमध आला आहे, अशी कल्पना करावी. चाकांच्या टेकण्याच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषेच्या वर माथा किती येतो, हे सोप्या भूमितीने काढता येते. अर्ध्या आसांतराच्या वर्गाला त्रिज्येच्या दुपटीने भागले की उत्तर मिळते.

कंपासचे आसांतर २,६३६ मिलिमीटर आहे. तिच्यासाठी हे उत्तर ५१ मिलिमीटर येते. मूळ ई-क्लाससाठी ते सुमारे ६४ आणि लांब ई-क्लाससाठी सुमारे ७० मिलिमीटर आहे. मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक म्हणजे लांब मोटारीसही अडचण नव्हे.

पण शिरूरहून न्हावऱ्यामार्गे भीमा ओलांडून दौंड तालुक्यातील चौफुल्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला, किंबहुना ग्रामीण महाराष्ट्रात कोठेही फिरणाऱ्याला ठाऊक आहे की सगळेच गतिरोधक मानकाप्रमाणे नसतात. अपघात झाला की गावकरी शाळेपुढे किंवा फाट्यावर डांबराचा वा मुरमाचा उंचवटा टाकतात. समजा, असा उंचवटा १५ सेंटिमीटर उंच व जेमतेम एक मीटर रुंद आहे. येथे चाके उंचवट्याच्या दोन्ही बाजूंस सपाट जमिनीवर उतरलेली असतात. सगळीच उंची मोटारीच्या पोटाखाली येते. आसांतराचा फरक आता गौण ठरतो. १५० मिलिमीटर मोकळीक असलेली कोणतीही मोटार येथे घासणारच.

या दोन उदाहरणांतील तफावत हाच प्रस्तुत विवेचनाचा गाभा आहे. परदेशी रचनाकाराच्या हाती मानक असते, रस्ता नसतो. मानकावरून आखलेला सांगाडा मानकाच्या रस्त्यावरच निर्धोक चालतो. मानक आणि प्रत्यक्ष रस्ता यांत जे अंतर आहे, ते मोजल्याशिवाय अनुकूलनाचा खरा आकडा हाती येत नाही.

५. उंची, मृदुता आणि स्थैर्य

मग मोटार उचलून घ्यावी, हे उत्तर सहज सुचते. त्याची किंमत काय पडते ते पाहू. एखाद्या मोटारीच्या डाव्या व उजव्या चाकांतील अंतर १.६० मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ५५ सेंटिमीटर मानली, तर अर्ध्या अंतरास उंचीने भागून येणारा स्थैर्यांक १.४५ होतो. मोटार २ सेंटिमीटर उचलली की तो १.४० वर येतो. शिवाय चाक फिरविणाऱ्या दांड्यांचे सांधे अधिक कोनात राहतात आणि ते लवकर झिजतात. चाकाच्या वरखाली होण्याबरोबर त्याची दिशाही किंचित बदलते. म्हणून निलंबनाच्या भुजांचे टेकू पुन्हा आखावे लागतात.

दुसरा मार्ग स्प्रिंगा ताठ करण्याचा. स्प्रिंगवर बसलेल्या भाराची कंप्रता त्या भाराने स्प्रिंग किती दबते यावरून ठरते. दर सेकंदास १.२ आवर्तने ही सुखद चाल मानली तर स्थिर दाब १७३ मिलिमीटर येतो. १.४ आवर्तनांसाठी तो १२७ मिलिमीटर असतो. आता मागे तीन माणसे बसली, सामान ठेवले आणि मागील आसावरचा भार ३० टक्क्यांनी वाढला असे समजू. मृदू स्प्रिंग आणखी ५२ मिलिमीटर दबेल, ताठ स्प्रिंग ३८. म्हणजे सुखद मोटार नेमकी प्रवासी बसल्यावर जमिनीजवळ जाते. ताठ मोटार उंच राहते, पण मागे बसणाऱ्यास धक्के देते.

या पेचातून सुटण्यासाठी रचनाकार काही उपाय योजतात. स्प्रिंगची दृढता न बदलता तिची लांबी वाढविणे हा एक. दबण्याच्या शेवटच्या टप्प्यात हळूहळू कठीण होणारा रबरी थांबा बसविणे हा दुसरा. भार वाढताच मोटारीस पूर्ववत उंचीवर आणणारी हवेची स्प्रिंग हा तिसरा. जलद व सावकाश आघातांना वेगवेगळा प्रतिरोध करणारे शॉक-ॲब्सॉर्बर हा चौथा उपाय होय, आणि रांजणगावच्या कंपासमध्ये त्याचाच अवलंब केला गेला. खड्ड्याच्या कडेचा आघात जलद असतो, तर वळणावरील झुकाव सावकाश. पहिल्याला मऊ व दुसऱ्याला ताठ राहणारा शॉक-ॲब्सॉर्बर दोन्ही गरजा काही अंशी भागवितो.

६. शिणवटा

आतापर्यंतचा विचार एका आघाताचा झाला. परंतु सांगाडा बहुधा एका आघाताने मोडत नाही. लाखो लहान आघातांनी तो शिणतो. पामग्रेन याने १९२४ मध्ये आणि मायनर याने १९४५ मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्रत्येक प्रतिबल-चक्र आयुष्याचा एक अल्पसा अंश खर्च करते. हा अंश प्रतिबलाच्या एका घातांकाच्या प्रमाणात असतो. वितळजोडाच्या सांध्यासाठी हा घातांक ३ च्या आसपास धरतात, इतर भागांसाठी तो अधिक असतो. घातांक ५ धरला तर भार २० टक्क्यांनी वाढल्यास हानी अडीचपट होते.

रस्त्यांच्या खडबडीतपणाचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, त्यात एका वर्गातून पुढच्या वर्गात जाताना वर्णपट-घनता चौपट होते. म्हणजेच उंचसखलपणाचे प्रमाण दुप्पट होते. वेग तोच राहिला व मोटार रेषीय प्रणाली आहे असे मानले, तर घातांक ५ असलेल्या भागाची हानी प्रतिकिलोमीटर ३२ पट होईल. प्रत्यक्षात चालक वेग कमी करतो, म्हणून हानी इतकी होत नाही. तरीही, एका देशात आयुष्यभर पुरणारा निलंबनाचा टेकू दुसऱ्या देशात काही वर्षांतच का तडकतो, याचे उत्तर या आकड्यात आहे.

रांजणगावहून बाहेर जाणाऱ्या मोटारीसही हाच न्याय लागू पडतो. जपान व ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांत वाहने डाव्या बाजूनेच चालतात. तेव्हा सुकाणूच्या दृष्टीने दोन्ही विपण्या एकच. रस्त्यांच्या दृष्टीने मात्र त्या भिन्न आहेत. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील मातीच्या रस्त्यांवर वाहनांच्या येण्याजाण्याने आडव्या लाटा पडतात. या लाटांमधील अंतर ८० सेंटिमीटर आणि मोटारीचा वेग ताशी ३६ किलोमीटर असेल, तर चाकाला दर सेकंदास साडेबारा धक्के बसतात. वर सांगितलेल्या चाकाच्या स्वाभाविक कंप्रतेशी हे जुळते आणि अनुनाद होतो. अशा रस्त्यावर शॉक-ॲब्सॉर्बर तापतो व त्याचे टेकू शिणतात. जपानच्या गुळगुळीत रस्त्यावर हा प्रश्नच उद्भवत नाही. एकाच कारखान्यातून, एकाच बाजूच्या सुकाणूने निघालेल्या दोन मोटारींची परीक्षा अशी निरनिराळी होते.

७. चाचणी जे विचारीत नाही

येथवरचे प्रश्न सुखसोयीचे व टिकाऊपणाचे होते. शेवटचा प्रश्न जीविताचा आहे. शिरूर व दौंड हे भीमेच्या दोन काठांवरील उसाचे तालुके. न्हावरे येथील घोडगंगा आणि पाटस येथील भीमा या सहकारी साखर कारखान्यांची उभारणी याच उसाच्या बळावर झाली. गळीत हंगामात या भागातील रस्त्यांवर रात्री उसाने लादलेल्या ट्रॉल्या चालतात. पुष्कळांना मागचा दिवा नसतो, काहींना परावर्तकही नसतो.

मोटारीच्या चाचणीतील अडथळा तिच्या पुढील कण्यांच्या उंचीवर असतो. त्यामुळे कणे चुरगळतात, ऊर्जा शोषतात आणि प्रवासी-कोश वाचतो. उभ्या ट्रॉलीवर मोटार मागून आदळते तेव्हा ट्रॉलीची चौकट कण्यांच्या वर राहते. कणे तिच्याखालून निघून जातात. आघात काचेच्या चौकटीवर व पुढील खांबांवर येतो. ज्या रचनेसाठी इतका खर्च केला, तिला काम करण्याची संधीच मिळत नाही. चाचणीत मिळालेले सर्व तारे येथे निरुपयोगी ठरू शकतात. मालमोटारींच्या मागे खालच्या उंचीवर आडवा अडसर असावा, असा नियम आहे तो याचसाठी. हा दोष मोटारीच्या सांगाड्यात पोलाद ओतून दूर होणारा नव्हे. त्याचा उपाय ट्रॉलीवरील अडसर, परावर्तक आणि दिवा यांत आहे, आणि आलिशान मोटारीच्या किमतीच्या मानाने तो फार स्वस्त आहे. शिवाय त्याचा लाभ दुचाकीवरून घरी परतणाऱ्या शेतमजुरासही होतो.

८. उपसंहार

सांगाड्याचे अनुकूलन म्हणजे केवळ अवयवांची अदलाबदल नव्हे, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. तो रस्ता, कायदा आणि वापर या तिन्हींच्या नव्या संयोगापुढे सांगाड्याने दिलेला पुनःप्रत्यय आहे. कायदा छापील असतो, तो कोठेही वाचता येतो. वापराची रीत व्यापारी मंडळी हेरतात. रस्ता मात्र तेथे जाऊनच मोजावा लागतो. लांब ई-क्लासची कल्पना प्रथम चीनच्या विपणीसाठी साकार झाली व मग ती इकडे आली. पुढची कल्पना इकडे निघावयाची असेल, तर इकडच्या रस्त्याचे ज्ञान इकडेच असावयास हवे.

पुण्यात १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था मोटारींच्या चाचणीचे कार्य करीत आहे. कारखाने आपल्या परीने मोजमापे घेतातच, पण ती त्यांच्याच कपाटात राहतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यास करण्याजोगे काम अद्याप पुष्कळ आहे. शिरूर ते चौफुला या एका रस्त्याचा उंचसखलपणा मोजावा. त्यावरील प्रत्येक गतिरोधकाची उंची व रुंदी नोंदवावी. हंगामात व हंगामाबाहेर एखाद्या साध्या मोटारीच्या निलंबनावर विकृतिमापक लावून भारांची गणना करावी. ट्रॉल्यांच्या चौकटीची उंची फूटपट्टीने मोजावी. या चारही कामांना मोठी प्रयोगशाळा लागत नाही. चिकाटी मात्र लागते. असे आकडे उघडपणे प्रसिद्ध झाले, तर ते परदेशी रचनाकारास उपयोगी पडतील, आणि रस्ते बांधणाऱ्यासही मोटार उचलून घेण्याऐवजी गतिरोधक मानकात आणणे किती स्वस्त पडते, हे दाखविता येईल.